घरच्या बागेत हळद आणि आलं: लावणीपासून डब्यात भरेपर्यंत

बाग नव्यानं करणाऱ्याला माझा पहिला सल्ला असतो: यंदा हळद लावा, आलं फार तर एकाच कुंडीत. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही कंदांची, दोन्हींची लावणी अक्षय्य तृतीयेपासून सुरू होते. त्यामुळे बरेच जण ती शेजारी शेजारी लावतात आणि एकाच झारीनं, एकाच मापानं पाणी घालत राहतात. श्रावण संपेपर्यंत हळद कमरेला लागते. आल्याची पानं मात्र खालून पिवळी पडायला लागतात, आणि कोंब धरून जरा ओढला की हातात येतो. मातीत राहिलेला कंद तोवर मऊ पडून कुजलेला असतो.

हळद बरंच काही सोसते. आलं साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. सावली, माती, भर, काढणी हे बाकीचे फरक एकदा ही गोष्ट मनात पक्की झाली की आपोआप समजत जातात.

आधी दोघांची ओळख

हळदीची पानं रुंद आणि लांब असतात, कर्दळीची आठवण करून देणारी. ती जमिनीतूनच लांब देठावर वर येतात. पान चुरगाळलं तर हळदीचा ओळखीचा वास येतो. आल्याला सरळ, बारीक खोडासारखा दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद, टोकदार पानं. चांगल्या जमिनीत हळद तीन फुटांच्या वर जाते, आलं साधारण दोन ते तीन फूट. पावसाळ्यात हळदीच्या पानांच्या मधून पांढरट-हिरव्या पाकळ्यांचा तुरा निघतो आणि त्यात छोटी पिवळी फुलं दिसतात. आपल्याकडे आल्याला फूल क्वचितच येतं.

मातीखालचा फरक जास्त महत्त्वाचा आहे. हळदीच्या मधल्या गड्ड्याला फुटवे येतात आणि त्यांतले बरेच खाली, तिरके जातात. तीच हळकुंडं. आलं आडवं पसरतं आणि वाढता वाढता मातीच्या वर डोकावू लागतं. म्हणून हळदीला खोल कुंडी लागते आणि आल्याला पसरट.

बेणं कुठून आणायचं

वाण्याकडची सुकी हळकुंडं लावून काहीही उगवत नाही. ती शिजवून वाळवलेली असतात, त्यांत जीव उरलेला नसतो. नवी माणसं दरवर्षी हे करून बघतात आणि महिनाभर रिकाम्या कुंडीला पाणी घालतात. हळदीसाठी ओलं बेणं, म्हणजे लावायला ठेवलेले जिवंत कंद, हवेत. हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, मंडईत लोणच्यासाठी ओली हळद येते. त्यातले टपोरे, डोळे असलेले कंद बाजूला काढून सावलीत कोरड्या वाळूत ठेवले की मे महिन्यात बेणं तयार. शेतकऱ्याकडून मिळालं तर जेठे गड्डे मागा. हळदीच्या मधल्या, मुख्य कंदाला सांगली-सातारा भागात जेठा गड्डा म्हणतात, त्याला लागून आलेले ते बगल गड्डे. जेठ्या गड्ड्यापासून आलेलं झाड सुरुवातीपासून दांडगं असतं. हळकुंडापासूनही झाड येतं, फक्त सुरुवात जरा मंद होते.

वाणाची चिंता घरच्या बागेत फार करू नये. तरी नावं माहीत असावीत. महाराष्ट्रात सर्वाधिक दिसतो तो सेलम. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज इथल्या संशोधन केंद्रातून कृष्णा आणि फुले स्वरूपा हे वाण आले. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेचा प्रगती हा वाण सहा महिन्यांत तयार होतो, तो मिळाला तर गच्चीवरच्या बागेला फार सोयीचा. आल्यात आपल्याकडे माहिम हा जुना, भरवशाचा वाण. कोझिकोडच्याच संस्थेचे वरदा, महिमा आणि रेजथा हेही चांगले.

आल्याचं बेणं बाजारातल्या आल्यातूनही निवडता येतं, फक्त निवड डोळसपणे करा. धुऊन चकचकीत केलेलं नको, सुरकुतलेलं नको. माती लागलेलं, टणक, फुगीर डोळ्यांचं घ्या. तुकडा साधारण २५ ते ४० ग्रॅमचा आणि त्यावर किमान दोन डोळे. कापताना आत बघा. फिकट पिवळा, कोरडा, घट्ट गर असेल तर ठीक. तपकिरी कडं किंवा पाणचट डाग दिसला तर तो तुकडा टाकून द्या आणि सुरी धुऊनच पुढचा कापा, कारण कंदकूज बहुतेक वेळा बेण्याबरोबरच बागेत येते. कापलेले तुकडे एक-दोन दिवस सावलीत पसरून ठेवा, म्हणजे कापलेली बाजू सुकून बंद होते. हळदीचा कंद कापायची गरज नसते, अख्खाच लावा.

कुंडी आणि माती

हळदीला बारा ते पंधरा इंच खोल कुंडी किंवा ग्रो-बॅग, त्यात एक गड्डा किंवा दोन हळकुंडं. आल्याला खोली आठ-दहा इंच चालते पण रुंदी हवी. दीड फूट रुंद टबात तीन तुकडे छान वाढतात. दोन्ही कुंड्यांना खाली मोठी भोकं हवीत. आल्याच्या टबाला बाजूनेही, तळापासून इंचभर वर, चार भोकं पाडा. तळाचं भोक मुळांनी बुजलं तरी पाणी बाजूनं निघून जातं.

हळदीसाठी दोन भाग बागेची माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. माती काळी, चिकट असेल तर थोडी जाड वाळू किंवा भाताचं तूस मिसळा. आल्याची माती याहून सैल हवी: एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट किंवा तूस. पारख सोपी आहे. ओल्या मातीचा मुठीत गोळा करा आणि बोटानं टोचा. गोळा फुटून सुटला तर माती आल्याजोगी, नुसता खड्डा पडला तर अजून सैल करा. कंपोस्टमध्ये ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळून ते आठवडाभर ओलसर, सावलीत ठेवून मग वापरलं तर दोन्ही पिकांना फायदा, आल्याला विशेष.

जमिनीत लावणार असाल तर सपाट वाफा करू नका. सात-आठ इंच उंच गादीवाफा करा आणि त्यावर लावा. शेजारून पाणी वाहून जायला चर ठेवा. कोकणातल्या जांभ्या जमिनीत पाणी मुरतं, पण पाऊस इतका पडतो की गादीवाफ्याला तिथेही पर्याय नाही.

एक नियम आल्यासाठी मी कधीच मोडत नाही: मागच्या मोसमात ज्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता, त्या मातीत आलं लावायचं नाही. या सगळ्यांना मर रोग देणारा एक जिवाणू आल्यालाही मारतो आणि तो मातीत टिकून राहतो.

लावणीचा दिवस आणि पहिले दोन महिने

अक्षय्य तृतीयेपासून मृग नक्षत्रापर्यंतचा काळ उत्तम. पाण्याची सोय असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात लावा, नसेल तर वळवाच्या सरींनंतर. हळदीची लावणी जूनअखेरपर्यंत लांबली तरी चालते, उत्पन्न थोडं कमी येईल एवढंच. आलं उशिरा लावलं की त्याची कोवळी मुळं थेट धो-धो पावसात सापडतात आणि तिथेच बिघडतं.

लावण्याआधी दोन-तीन आठवडे बेणं ओलसर कोकोपीटमध्ये, अंधाऱ्या उबदार जागी ठेवलं तर डोळे फुटतात. ही पायरी गाळू नका. फुटलेलं तेवढंच लावायचं म्हणजे रिकाम्या कुंड्या सांभाळाव्या लागत नाहीत. हळदीचा कंद दोन-अडीच इंच खोल, आल्याचा दीड-दोन इंच. डोळा वर. जमिनीत हळदीचं अंतर एक फूट ठेवा, आल्याचं नऊ इंच.

नंतर थांबायचं. आल्याला बाहेर यायला तीन आठवडे ते महिना लागतो, हळदीला कधी त्याहून जास्त. या काळात उकरून बघायचा मोह सगळ्यांना होतो. पी हळद आणि हो गोरी, असं या पिकात चालत नाही. कोवळा कोंब उकरताना मोडला तर कंदाला नव्यानं डोळा फोडावा लागतो.

लावल्या लावल्या वरून आच्छादन घाला: वाळलेली पानं, नारळाच्या झावळ्यांचे तुकडे, घाटावर असाल तर उसाचं पाचट. मेच्या उन्हात ते ओल धरतं आणि पावसाळ्यात मुसळधार थेंबांनी माती घट्ट बसू देत नाही.

ऊन

हळदीला पाच-सहा तास ऊन द्या. अर्ध्या सावलीतही ती जगते आणि पानं तर उलट मोठी येतात, पण हळकुंडं बारीक राहतात. पानांसाठीच लावायची असेल तर सावलीचा कोपरा चालेल. आल्याला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली हवी. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत ते सुखानं वाढतं. नागपूर-अकोल्याच्या गच्चीवर मे महिन्यात हिरवी शेडनेट नसेल तर आल्याची पानं टोकापासून करपतात. पावसाचे ढग आले की नेट काढून टाका.

पाणी: इथे सर्वाधिक लक्ष द्या

झारी उचलण्याआधी बोट मातीत दोन पेरं खुपसा. आल्याच्या कुंडीत दुसऱ्या पेराला ओल लागली तर पाणी घालायचं नाही, वरची माती कितीही कोरडी दिसली तरी. हळदीच्या कुंडीत पहिलं पेर कोरडं लागलं की पाणी द्या. उन्हाळ्यात दोन्हींना एक-दोन दिवसांआड लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावरच्या कुंडीला बहुतेक वेळा काहीच लागत नाही.

सतत पाऊस लागला की आल्याचे टब पत्र्याखाली, गॅलरीत किंवा जिन्याच्या छपराखाली हलवा. हलवता येत नसतील तर टब दोन विटांवर उचलून ठेवा, तळ जमिनीला टेकता कामा नये. कुंडीखाली ताटली ठेवायची सवय असेल तर पावसाळ्यात ती काढून टाका. ताटलीतलं पाणी आल्याला दोन दिवसांत खातं. हळद एखादा दिवस पाण्यात उभी राहिली तरी सावरते. आठवडाभर मात्र तीही सोसत नाही. सांगलीच्या नदीकाठच्या शेतकऱ्यांनी पुरात उभी हळद सडलेली पाहिली आहे.

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, कंद भरत असतात. या दिवसांत पाण्याची हयगय नको. नव्या लोकांची इथे उलटी गफलत होते. पावसाळाभर पाणी लागलं नाही म्हणून हात मागे राहतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात माती भेगाळते. या महिन्यात दोन्हींना नियमानं पाणी द्या, आल्याला थोडं थोडं आणि वारंवार, हळदीला भरपूर आणि अंतरानं.

खत आणि भर

दोन्ही पिकं खादाड आहेत. लावणीनंतर दीड महिन्यानं आणि पुन्हा तीन महिन्यांनी कुंडीमागे दोन ओंजळी कंपोस्ट आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड घाला. चौथ्या महिन्यात चूलराखेची चिमूटभर जोड दिली तर पालाश (पोटॅश) मिळतं. राख जास्त नको, माती खारवते. ताजं शेण कधीच नको.

कंपोस्ट घातल्यावर भर लावा, म्हणजे बाजूची किंवा नवी माती बुंध्याशी ओढा. आल्याला ही पायरी चुकवता येत नाही. कंद वर येऊन उन्हात उघडा पडला की हिरवट होतो आणि त्याची वाढ खुंटते. म्हणून आल्याचा टब सुरुवातीला काठोकाठ भरायचाच नाही. तीन-चार इंच रिकामा ठेवा, तीच जागा पुढे भरीला उपयोगी पडते. हळदीला एकदा भर दिली तरी भागतं.

काय बिघडतं आणि तेव्हा काय करायचं

आल्याची खालची पानं कडेनं पिवळी पडू लागली, बुंधा जमिनीलगत पाणचट दिसला आणि कोंब ओढताच निसटला, तर ती कंदकूज आहे. औषध शोधत बसू नका. ते झाड आजूबाजूच्या ओंजळभर मातीसकट उचला आणि बागेबाहेर टाका, कंपोस्टच्या खड्ड्यात नाही. उरलेल्या टबाचं पाणी आठवडाभर थांबवा, ट्रायकोडर्मा मिसळलेलं कंपोस्ट वरून द्या. पानं हिरवी असतानाच सगळं झाड एका दिवसात माना टाकत असेल तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्या टबातली सगळी माती काढून टाकावी लागते.

हळदीवर पावसाळ्याच्या शेवटी करप्याचे तपकिरी ठिपके येतात. डागाळलेली पानं कापून टाका आणि झाडांत हवा खेळती ठेवा, घरच्या बागेत एवढं पुरतं. मधला कोंब पिवळा पडून सुकला आणि दांड्याला बारीक भोक, त्याबाहेर भुसा दिसला तर खोडकिडा. दांडा भोकाच्या खालून कापून अळीसकट नष्ट करा. कंदमाशीच्या अळ्या बहुधा आधीच नासू लागलेल्या किंवा उघड्या पडलेल्या कंदात सापडतात, त्यामुळे तिच्यावरचा पहिला उपाय भर आणि निचरा हाच.

जानेवारीत हळद पिवळी पडते तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. ती पिकली आहे.

वाढता वाढता मिळणारं

हळदीची पानं श्रावणात वापरायला येतात. कोकणात नागपंचमीला पातोळ्या होतात, आणि गोव्यात ख्रिस्ती घरांतही मेरीमातेच्या १५ ऑगस्टच्या सणाला. ताजं पान धुऊन पुसायचं, त्यावर तांदळाच्या पिठाचा जाडसर थर बोटांनी पसरायचा, मध्ये गूळ-खोबऱ्याचं सारण, पान मधल्या शिरेवर दुमडायचं आणि वाफवायचं. झाकण उघडताच घरभर जो वास सुटतो तो कोणत्याही डबाबंद मसाल्यात मिळणार नाही. दोन-चार पानांसाठी बाजारात फिरण्यापेक्षा एक कुंडी लावलेली बरी. एका झाडाची बाहेरची एक-दोन पानंच तोडा, सगळी नाही. कंद पोसायचं काम पानंच करतात.

आल्याचं पानही चहात टाकता येतं, वास सौम्य असतो. पण आल्याचा खरा सुखाचा भाग असा की सहाव्या महिन्यापासून टबाच्या कडेची माती बोटांनी बाजूला करून लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो आणि झाड वाढत राहतं. हे कोवळं आलं पातळ सालीचं, बिनधाग्याचं असतं; लोणच्याला आणि आलेपाकाला हेच चांगलं. हळदीचं तसं नाही. प्रगतीसारखा लवकर येणारा वाण सोडला तर तिला आठ-नऊ महिने पूर्ण द्यावे लागतात. लवकर काढलेल्या हळदीला रंगही कमी आणि सुकल्यावर वजनही.

काढणी

पानं पूर्ण पिवळी होऊन आडवी पडली की पाणी बंद करा. हळद बहुधा जानेवारीअखेर ते मार्च, जुनं आलं डिसेंबर-जानेवारी. पानं कापून दोन-तीन आठवडे कुंडी कोरडी राहू द्या, मग उलटी करा. कुदळ मारण्यापेक्षा उलटलेल्या मातीतून हातानं कंद सोडवा, जखम झालेला कंद टिकत नाही. धुवून, मुळं काढून जेठे गड्डे, हळकुंडं आणि आल्याचे गड्डे वेगवेगळे ठेवा. गेल्या वर्षी लावलेला काळपट, पोकळ झालेला जुना कंद बरोबर निघतो. तो सोरा गड्डा. तो बेण्याला वापरू नका.

हळकुंडापासून हळदीपर्यंत

काढल्यापासून दोन-चार दिवसांत हळद शिजवा. पातेल्यात कंद बुडतील इतकंच पाणी घ्या. पाऊण तास ते तासभर शिजते. फेस येतो, हळदीचा दाट वास सुटतो, आणि गवताची जाड काडी कंदात सहज घुसते. तेव्हाच थांबा. जास्त शिजवली तर रंग उतरतो, कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ राहते. शिजवल्यानं कंदाचा कोंब मरतो, आतला रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळायला कमी दिवस लागतात.

गच्चीवर स्वच्छ चादरीवर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरा. रात्री गोळा करून झाका, दव लागू देऊ नका. दहा ते पंधरा दिवसांत हळकुंड मोडल्यावर कट्ट आवाज येतो. ओल्या हळदीची सुकल्यावर पाचवा भाग हळद उरते, त्यामुळे पाच किलो काढल्यावर हाती किलोभर आली तर काही चुकलं नाही. घाई असेल तर ओल्या कंदाच्या पातळ चकत्या करा, दहा मिनिटं वाफवा आणि वाळवा. चार-पाच दिवसांत त्या कडक होतात आणि मिक्सरमध्ये नीट फिरतात. अख्खी हळकुंडं घरच्या मिक्सरवर घालू नका, आधी खलबत्त्यात ठेचा.

कुटलेली हळद काचेच्या बरणीत, खिडकीजवळ ठेवली तर रंग उडतो. हळदीचा रंग ज्या कर्क्युमिनमुळे असतो, त्याला उजेड सोसत नाही. साडीवर पडलेला हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका होतो तो याचमुळे. साबण लागल्यावर तोच डाग लाल होतो, कारण क्षार लागला की हळद लाल पडते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा घ्या.

घरची हळद खटपटीची वाटते खरी, पण बाजारातल्या सुट्या पुडीत मेटानिल यलो किंवा लेड क्रोमेटसारखे रंग मिसळलेले सापडतात, आणि दुसऱ्यात तर शिसं असतं. ज्या घरात लहान मुलं आहेत त्या घरानं एवढी खटपट जरूर करावी.

सुंठ

सुंठीला पूर्ण पिकलेलंच आलं हवं. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी चमच्याच्या कडेनं किंवा बांबूच्या कामट्यानं वरची साल नुसती खरवडा. सुरीनं जाड सोलू नका; आल्याचं सुगंधी तेल सालीच्या लगत खालीच असतं. आठ-दहा दिवसांच्या उन्हात सुंठ खडखडीत होते. वाळताना आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. म्हणून ओल्या आल्याच्या सवयीनं सुंठ चमचाभर घातली तर घसा जळतो. रामनवमी आणि गोकुळाष्टमीच्या सुंठवड्यासाठी घरची सुंठ एकदा वापरून बघा.

स्वयंपाकात दोघांचं काम

हळद फोडणीत तेलात पडली पाहिजे. तिचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. वरून कच्ची भुरभुरवलेली हळद कडवट लागते. मिऱ्यातल्या पाइपरीनमुळे कर्क्युमिन अंगात जास्त शोषलं जातं, त्यामुळे हळदीच्या दुधात मिरपूड घालण्यात अर्थ आहे. ओल्या हळदीचं लिंबू घालून केलेलं लोणचं हिवाळ्यात करा आणि फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवा.

आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कच्चं आलं थेट दुधात किसलं तर दूध फाटू शकतं. चहा करताना आलं आधी पाण्यात उकळा, दूध नंतर घाला; उकळीत ते विकर निकामी होतं. याच गुणामुळे मटण मऊ करायला आल्याची पेस्ट आधी चोळून ठेवतात. ओलं आलं शेवटी घातलं तर वास राहतो, आधी परतलं तर तिखटपणा मुरतो. आमटीत मी आधी घालते, कोशिंबिरीत आयत्या वेळी.

औषध म्हणून दोघांचीही कीर्ती मोठी आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं (सीएसआयआर) त्याला हरकत घेतली, जुने लिखित पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, हे तिथे कागदावर सिद्ध करावं लागलं, आणि ते केलं गेलं याचा मला अभिमान आहे. तरीही एक गोष्ट सांभाळा. जेवणातली हळद आणि आलं निर्धास्त खा, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर हळदीच्या कॅप्सूल, काढे, सुंठीचे मोठे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

थंड देशात असाल तर

लंडन किंवा न्यू जर्सीतल्या घरात दोन्ही कुंडीत येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात उबदार जागी कोंब आणा, रात्रीची थंडी पूर्ण सरल्यावर कुंडी बाहेर, आणि शरदातली पहिली थंड रात्र यायच्या आत पुन्हा घरात. एवढ्या छोट्या उन्हाळ्यात हळद पूर्ण भरेलच असं नाही, पानं मात्र पातोळ्यांना पुरतात. आलं तिथे जास्त हाती लागतं, कारण ते कोवळंही खाता येतं. घरातली हवा हीटरनं कोरडी होते, त्यानं दोघांची पानं टोकाला वाळतात. कुंडीजवळ पाण्याचं पसरट भांडं ठेवा.

पुढच्या वर्षाचं बेणं

काढणीच्या दिवशीच बेणं बाजूला काढा, स्वयंपाकघरात गेलेलं परत येत नाही. सर्वांत टपोरे, डाग नसलेले कंद निवडा. पूर्वी सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत वाळलेली हळद वर्षानुवर्षं साठवत. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवं पाण्यात गेली. आपल्याला बेण्यापुरती मातीची कुंडी पुरते. तळाला कोरडी वाळू, त्यावर कंद एकमेकांना न टेकता, पुन्हा वाळू, वरून सुती कापड. जागा सावलीची आणि वारा लागणारी हवी. पंधरा दिवसांनी एकदा हात घालून बघा, मऊ पडलेला कंद लगेच काढा, नाहीतर शेजारचे नासतात. आल्याचं बेणं एप्रिलमध्ये सुरकुतायला लागलं तर वाळूवर पाण्याचा हलका हबका मारा. हळदीला त्याची गरज पडत नाही.

हळदीच्या कुंडीतली माती नवं कंपोस्ट घालून पुन्हा हळदीलाच वापरता येते, निदान एक वर्ष. आल्याच्या टबातली माती काढून फुलझाडांना किंवा पालेभाजीला द्या, आणि मेमध्ये टब उन्हात कोरडा तापवून आल्यासाठी नवी माती भरा.